जवान दातांची करवत

सूनबाई माहेराहून रविवारी परत यायची होती, आणि बुधवार उजाडला तरी सूर्यभानजींच्या माजघरात पडदी उभी राहिली नव्हती.

अमरावतीला बडनेऱ्याच्या वाटेवर सूर्यभानजींचा फुलांचा आणि संत्र्यांचा मळा होता आणि मळ्याच्या तोंडाशीच घर. पुढे ओसरी, मागे सैपाकघर आणि मधे एकच लांबलचक माजघर. त्या माजघरात सूर्यभानजी, त्यांची बायको माणिकबाई, मुलगा शालिकराम, येणारे-जाणारे पाहुणे, बियाण्याची पोती आणि एक मांजर अशी सगळी मंडळी ओळीने झोपत. वैशाखात शालिकरामाचं लग्न झालं आणि त्या ओळीत बार्शीटाकळीची बेबी दाखल झाली. ओळीत, पण सासूच्या पलीकडे. सहा महिने ती काही बोलली नाही. दिवाळीला माहेरी निघाली तेव्हा टांग्यात चढता चढता सासूच्या कानाशी लागून म्हणाली, "आत्याबाई, माजघरात एखादी पडदी घालता येईन का?"

माणिकबाईंना सगळं समजलं. त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्यांनाही समजलं. शालिकरामाला तर वैशाखापासूनच समजलेलं होतं. पण बोलायचं कसं? म्हणून माणिकबाई शेजारणींना सांगू लागल्या, "मांजर घरभर फिरते बाई, आडोसा पाह्यजे." सूर्यभानजी म्हणू लागले, "हिवाळ्यात वारा लागते." आणि कापसाच्या जिनात कारकून असलेला शालिकराम आपला नजर चुकवत म्हणायचा, "मले वाचाले बसाले जागा नाही."

लढाई संपून वर्ष झालं होतं आणि पलटणीचं उरलंसुरलं सामान जागोजागी विकायला निघालं होतं. त्यातलेच प्लायवूडचे चार तक्ते शालिकरामाने आणले. आठ फूट लांब, चार फूट रुंद, एका अंगाला सागाचा गुळगुळीत पापुद्रा आणि दुसऱ्या अंगाला खरखरीत. तीन तक्ते उभे लावले की दारापुरती जागा सोडून माजघराची रुंदी भरत होती, चौथ्याचं दार. फक्त आढं खाली असल्यामुळे प्रत्येक तक्ता एक एक फूट कापायला हवा होता.

"नत्थुजीले बलावून घ्या," माणिकबाई म्हणाल्या.

नत्थुजी सुतार दोन घरं सोडून राहत. पण मागच्या साली विहिरीवरची चौकट करताना सूर्यभानजी त्यांच्या शेजारी उभे राहून रंधा कसा धरावा ते शिकवत होते. नत्थुजींनी अर्धा तास ऐकलं, मग रंधा सूर्यभानजींच्या हातात दिला आणि घरी निघून गेले. तेव्हापासून बोलणं बंद.

"नत्थुजी कायले पाह्यजे?" सूर्यभानजी म्हणाले. "आता इजेच्या करवती निंगाल्या. अकोल्याले पलटणीच्या सामानाचं दुकान हाय. उद्या जातो, करवत निवडतो, अन् शुक्रवारी पडदी उभी करतो. त्याच्यात काय हाय?"

सूर्यभानजींना जगातली कोणतीही गोष्ट 'त्याच्यात काय हाय' एवढीच अवघड वाटत असे.

गुरुवारी बाप-लेक अकोल्याला पोचले. दुकानदार शेठने तीन करवती काढून ठेवल्या. पहिली उचलायला दोन माणसं लागली. दुसरी एकट्याने उचलली गेली, पण शालिकरामाला ती पुन्हा खाली ठेवता येईना. तिसरी मात्र कोळशाच्या इस्त्रीएवढी होती. वर मूठ, मुठीत बटन, खाली लोखंडी तळ आणि तळातून अर्धं बाहेर आलेलं दातेरी चाक. सूर्यभानजींनी ती एका हाताने तोलली, दुसऱ्या हाताने तोलली आणि मान डोलावली. एवढी निवड त्यांची अगदी बिनचूक होती, हे मान्य केलं पाहिजे.

"इसके दो चाक आते हैं, पाटील," शेठ म्हणाला. "ये बीस दात का, ये अस्सी दात का. कौनसा लगाऊं?"

सूर्यभानजींचे डोळे चमकले. दातांची भाषा त्यांना समजत होती. तीस वर्षं बैलबाजारात जनावराचा जबडा उघडून त्यांनी वय ओळखलं होतं. दोनदाती गोऱ्हा म्हणजे जवान, चारदाती म्हणजे कामाला तयार, आणि तोंडभर दात भरले की जनावर उताराला लागलं.

"ऐंशी दात?" ते हसले. "म्हंजे पुरी बुढी झाली हे. वीसदाती दाखवा."

"बाबा, करवत हाय हे," शालिकराम हळूच म्हणाला. "बैल नाही."

"मले मालूम हाय बैल नाही. पण दात तं दातच ना?"

शेठने आधी ऐंशी दातांचं चाक लावून चहाच्या खोक्याची एक फळी कापून दाखवली. करवत सावकाश गेली. कड अशी निघाली की जणू फळी तशीच जन्मली होती. शालिकरामाने त्या कडेवरून बोट फिरवलं. सूर्यभानजींनी जांभई दिली. मग शेठने वीस दातांचं चाक लावलं आणि एक जाड फळी पुढे सरकवली. करवत अशी काही भुकेल्यासारखी घुसली की डोळ्याचं पातं लवेपर्यंत फळीचे दोन तुकडे.

"हे पाह्य!" सूर्यभानजी ओरडले. "याले म्हंते जवानी!"

फळीची कड कुणी पाहिली नाही. शालिकरामाला पाहायची होती, पण वडिलांनी ते तुकडे पायाने बाजूला सारले होते.

"पाटील, पतली चीज को बारीक दात चाहिए," शेठने शेवटचा प्रयत्न केला.

"शेठ, तुमी दुकान पाहा. दात आमाले समजते."

शेठने हात जोडले आणि ऐंशी दातांचं चाकही कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं. ते करवतीबरोबरच येत होतं. घरी आल्यावर माणिकबाईंनी ते उघडून पाहिलं. गोल, सपाट, मधोमध भोक. त्यांनी ते धुऊन दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवलं. वाफ भोकातून बाहेर जात होती आणि मांजर एकदा तोंड घालायला गेलं ते दात लागल्यावर दुसऱ्यांदा गेलं नाही. म्हातारं झालं तरी चाक काही फुकट गेलं नव्हतं.

शुक्रवारी कामाला हात लागला. घरात वीज येऊन वर्ष झालं होतं, पण ती दोन बल्बांपुरती. सूर्यभानजींनी माजघरातला बल्ब काढला आणि त्या जागी करवतीची वायर अडकवली. शेजारपाजारची आठ-दहा माणसं बघायला आली होती. तक्ता दोन पोत्यांवर आडवा ठेवला गेला.

"पाहा बरं आता," म्हणून सूर्यभानजींनी बटन दाबलं.

करवत 'घुं' म्हणाली आणि गप्प झाली. फ्यूज उडाला होता.

"तार बारीक पडली," सूर्यभानजी म्हणाले. "त्याच्यात काय हाय?" त्यांनी फ्यूजमध्ये कुंपणाची तार घातली आणि पुन्हा बटन दाबलं. आता करवत 'घुंऽऽ' अशी जरा लांब म्हणाली आणि घराऐवजी खांबावरचा फ्यूज उडाला. दिवेलागणीला सगळ्या गल्लीत अंधार पडला, तेव्हा लोकांना त्याचा अर्थ समजला. वीज कंपनीचा माणूस सायकलवरून आला. त्याने ती कुंपणाची तार काढून सूर्यभानजींच्या डोळ्यांसमोर धरली.

"हे काय हाय?"

"तार."

"काका, हे कनेक्शन दिव्याचं हाय. करवतीचं नाही. पुन्हा असं केलं तं दिवाबी राहणार नाही."

म्हणून शनिवारी सकाळी चारही तक्ते बैलगाडीत घालून मंडळी किसनरावांच्या पिठाच्या गिरणीत निघाली. गिरणीत मोठी वीज होती. किसनराव भला माणूस. "एका कोपऱ्यात कापून घ्या," म्हणाला, "पण दळण बंद नाही ठेवता येणार. उद्या बाजार हाय."

बाजाराच्या आदल्या दिवशीची गर्दी होती. पंधरा-वीस बायका डबे घेऊन ओळीत होत्या. त्या ओळीत ज्वारीचा डबा काखोटीला मारून एक पुरुषही उभा होता आणि तो नेमका नत्थुजी सुतार होता. सूर्यभानजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. नत्थुजींनी मात्र डबा खाली ठेवला, त्याच्यावर बसले आणि हाताची घडी घातली.

"सागाचं तोंड वर ठेव," सूर्यभानजींनी शालिकरामाला सांगितलं. "चांगली बाजू नजरीसमोर पाह्यजे."

या वेळी करवत 'घुं' म्हणाली नाही. ती किंचाळली. वीस जवान दात प्लायवूडमध्ये घुसले आणि सागाचा पापुद्रा चिपाडासारखा उडायला लागला. तक्ता कापून झाला. सूर्यभानजींनी विजयी मुद्रेने करवत वर उचलली. शालिकरामाने कड पाहिली. उंदरांनी रात्रभर भाकर कुरतडावी तशी ती दिसत होती.

"पयला हात हाय," सूर्यभानजी म्हणाले. "दोन बोटं आणखी घेतो, साफ होते."

दोन बोटं घेतली. उंदरांनी दुसऱ्या रात्रीही मुक्काम केला होता. मग चार बोटं घेतली. मग ती तिरपी गेली म्हणून दुसऱ्या बाजूने तीन बोटं. सातचा तक्ता साडेसहावर आला आणि साडेसहाचा सव्वासहावर.

"बाबा, थांबा जरासक," शालिकराम म्हणाला.

"हा तक्ताच खराब निंगाला. दुसरा आण."

दुसराही खराबच निघाला. तोही सव्वासहावर आला. एवढ्यात ओळीतून एक किंकाळी ऐकू आली. गोदाबाई आपला पिठाचा डबा घेऊन पुढे आल्या. गोदाबाई देहाने लहान होत्या, पण आवाज गिरणीच्या वर जात होता.

"सूर्यभानजी! हे काय हाय डब्यात?"

सूर्यभानजींनी वाकून पाहिलं. पांढऱ्याशुभ्र पिठावर लाकडाचा बारीक, तपकिरी भुसा पसरला होता.

"अं... लाकूड."

"लाकूड खातो का आमी? वाळवी हाओत का?"

मग दुसरीने आपला डबा उघडला, तिसरीने उघडला. पाच डब्यांत भुसा निघाला. किसनरावांनी मुख्य बटन बंद केलं. गिरणी थांबली, करवत थांबली, आणि त्या शांततेत नत्थुजी डब्यावरून उठले. ते पडलेल्या तक्त्याजवळ आले, कडेवर अंगठा फिरवला, वाकून खालची बाजू पाहिली, करवतीचं चाक हाताने एकदा उलटसुलट फिरवलं आणि आपला डबा उचलून गेले.

भुसा पडलेलं पीठ सूर्यभानजींच्या घरी आलं आणि घरातलं चांगलं पीठ पाच घरी गेलं. सुनेला पोचवायला येणाऱ्या व्याह्यांसाठी म्हणून मुद्दाम दळून ठेवलेलं सगळं गेलं. त्या संध्याकाळी घरात खिचडी झाली.

"एक तक्ता आणखी तसाच राह्यला," जेवताना सूर्यभानजी म्हणाले, "अन् एक दाराचा. माह्या हाताले आता सवय झाली हाय. उद्या सकाऊन..."

रविवारी सकाळी माणिकबाई नत्थुजींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"नत्थुजी, आज दुपारच्या गाडीनं सून येते. तिचा बाप, आमचे इवाई बी येते. पडदी पाह्यजे."

"कायले?" नत्थुजींनी विचारलं.

आता हे विचारलं जाईल असं माणिकबाईंना वाटलं नव्हतं. "मांजर..." त्या म्हणाल्या. "मांजर लय फिरते."

नत्थुजींची बायको आतून बाहेर आली. तिने माणिकबाईंकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "जा न मुकाट्यानं," ती म्हणाली. "मांजर फिरते म्हंते ना ते."

नत्थुजींनी हत्यारांची पिशवी उचलली.

त्यांनी दारातच अट घातली. "मी सांगन तसं होईन. अन् सूर्यभानजी बोलन नाही."

"मी कायले बोलतो?" सूर्यभानजी म्हणाले.

"हे बोललेच."

नत्थुजींनी करवत पाहिली, आणि तिचं दुसरं चाक आहे का म्हणून विचारलं. शालिकराम सैपाकघरात गेला आणि दुधावरचं झाकण घेऊन आला. नत्थुजींनी त्यावरची साय पुसली, दात नखाने मोजल्यासारखे केले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सूर्यभानजींकडे सरळ पाहिलं.

"हे दुधावर ठेवलं होतं?"

"वाफ चांगली जाते त्याच्यातून," माणिकबाई म्हणाल्या.

"पातळ पदराले बारीक दात लागते, सूर्यभानजी. मोठा दात तोडते, बारीक दात कापते." नत्थुजींनी चाक बदललं. "दुसरी गोष्ट. माह्या हातकरवतीचा दात वरून खाली जाते, म्हून मी चांगलं तोंड वर ठेवतो. काल मी पाह्यलं, हिचा दात खालून वर येते. दात जिकडून बाहेर निंगन, तिकडचे पापुद्रे उडवन. म्हंजे सागाचं तोंड कुठी पाह्यजे?"

सूर्यभानजींनी तोंड उघडलं, अट आठवली, तोंड मिटलं, आणि मग त्यांना राहवलं नाही. "खाली. मी तेच म्हणणार होतो."

नत्थुजींनी पाचही डब्यांतल्या भुसा पडलेल्या पिठातून ओंजळभर पीठ मागवलं, माणिकबाईंकडून त्याची खळ शिजवून घेतली आणि तक्त्याच्या दोन्ही अंगांना, जिथे कापायचं त्या रेघेवर, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्या वाळल्यावर रेघेवरून सुरी ओढली. मग सगळं गाडीत घालून पुन्हा गिरणी. किसनरावांनी या वेळी मंडळींना आत घेतलं नाही. खिडकीतून वायर बाहेर सोडली आणि काम अंगणात झालं. सूर्यभानजींना तक्त्याचं पलीकडचं टोक धरायला दिलं. करवतीच्या आवाजात तिथून काहीच ऐकू येत नव्हतं.

करवत सावकाश गेली. सुरीने बर्फीची वडी कापावी तसा तुकडा अलगद वेगळा झाला. नत्थुजींनी कागदाची पट्टी ओली करून सोलली आणि खाली सरळ, नितळ कड निघाली. शालिकरामाला अकोल्याची फळी आठवली. गोदाबाई रस्त्याने बाजाराला चालल्या होत्या, त्याही थांबल्या आणि म्हणाल्या, "असं कापत असते होय!"

आधीच्या दोन तक्त्यांच्या कुरतडलेल्या कडा काढल्यावर ते बरोब्बर सहा फुटांवर आले. म्हणून तिसरा आणि दाराचाही सहा फूटच कापावा लागला. आढ्यापर्यंत एक फुटाची फट राहिली. "हवा खेळते," सूर्यभानजी म्हणाले, आणि या वेळी कुणी त्यांना अडवलं नाही. दुपारी दोनला पडदी उभी होती, तिला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. नत्थुजी हात धुऊन निघाले, तेव्हा करवत त्यांच्या काखेत होती. "दोन दिवस राहू द्या माह्याजवळ," ते म्हणाले. सूर्यभानजींनी नाही म्हटलं नाही.

तीनला टांगा आला. बेबी उतरली, तिने ओसरीतूनच आत नजर टाकली आणि तिला पडदी दिसली. ती सासूकडे पाहून एवढंसं हसली. माणिकबाईंना पाच घरच्या पिठाचं दुःख राहिलं नाही.

बेबीचे वडील वामनराव बार्शीटाकळीचे शेतकरी. उंच, धिप्पाड माणूस, डोक्याला लाल फेटा. त्यांनी चहा घेता घेता पडदी पाहिली, उठले, कडेवरून हात फिरवला, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"काय साफ काम हाय, इवाई! कोणं कापलं?"

"नत्थुजीनं कापलं," सूर्यभानजी म्हणाले. "करवत मी निवडली."

"वा! पण खोली कायले केली?"

माणिकबाईंच्या ओठांवर मांजर आलं होतं, शालिकरामाच्या वाचन आलं होतं. पण व्याह्यांसारख्या मोठ्या पाहुण्यापुढे मांजर कसं सांगायचं? सूर्यभानजी कधीही उत्तरावाचून अडले नव्हते. आजही अडले नाहीत.

"तुमच्यासाठी!" ते म्हणाले. "पाव्हण्याले जरा निवांत पाह्यजे म्हून केली."

वामनरावांचा हात कडेवरच राहिला. त्यांचे डोळे भरून आले. "इवाई," ते म्हणाले, "पोरीच्या बापासाठी कोणी खोली बांधली, असं मी वऱ्हाडात आयकलं नाही." त्यांनी कोट आत टांगला, वळकटी आत नेली, आणि दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

वामनराव सोमवारी जायचे होते. पण एवढ्या प्रेमाने बांधलेली खोली एका रात्रीत सोडून जाणं त्यांना बरं वाटेना. सोमवारी राहिले, मंगळवारीही राहिले. पडदीच्या वरून त्यांचा लाल फेटा इकडून तिकडे जाताना दिसे. आढ्याखालच्या फटीतून त्यांचं घोरणं माजघरभर येई. बेबी पुन्हा ओळीत, सासूच्या पलीकडे झोपत होती.

घरच्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. माणिकबाईंनी मांजर खोलीत सोडलं. वामनरावांना मांजरांची फार आवड निघाली. शालिकराम दारात उभा राहून म्हणाला, "मामाजी, मले जरा वाचाले बसाचं होतं." "ये, ये, बस!" वामनराव म्हणाले. "मोठ्यानं वाच. मले बी आयकाले मियते." शालिकराम दोन तास सासऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत बसला. पेठेतले भाव संपल्यावर वामनरावांनी जाहिराती वाचायला लावल्या. सूर्यभानजी म्हणाले, "इवाई, आत वारा लागत असन तुमाले." वामनराव म्हणाले, "लय झकास लागते."

"खरं सांगून टाका," माणिकबाई नवऱ्याला सैपाकघरात म्हणाल्या.

"तू सांग."

"मी कशी सांगू? तुमीच म्हणले, तुमच्यासाठी केली म्हून."

सूर्यभानजी चुलीकडे पाहत राहिले. "त्याच्यात काय हाय" असं ते म्हणाले नाहीत.

बुधवारी दिवेलागणीला पुरुष जेवायला बसले. बेबी वाढत होती. वामनराव भाकरीवर ठेचा घेऊन प्रसन्नपणे म्हणाले, "पोरी, नशीब काढलं तू. असं घर, असे माणसं. मी म्हंतो, आणखी आठ दिवस राह्यतोच."

शालिकरामाचा घास हातातच राहिला.

बेबीने भाकर बापाच्या ताटात ठेवली. "राहा न बाबा," ती म्हणाली. "पण आजपासून ओसरीत निजा. ते खोली आमची हाय."

"आमची म्हंजे?"

"माही अन् यांची. मीच मांगितली होती आत्याबाईले. लगन होऊन सहा महिने झाले."

शालिकरामाला ठसका लागला. माणिकबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, तो आडवा झाला. सूर्यभानजी ताटातल्या मिठाकडे असे पाहत होते, जणू त्यात काहीतरी लिहिलं होतं.

वामनरावांनी लेकीकडे पाहिलं. मग सूर्यभानजींकडे वळले. "इवाई, तुमी तं म्हणले माह्यासाठी."

सूर्यभानजींनी तोंड उघडलं. काही निघालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही निघालं नाही.

वामनराव उठले, हात धुतले, आत गेले. लाल फेटा पडदीवरून तीनदा इकडून तिकडे गेला. मग दार उघडलं आणि ते कोट, काठी आणि वळकटी घेऊन बाहेर आले. ओसरीत त्यांनी वळकटी पसरली. सूर्यभानजींनी आपलीही घोंगडी त्यांच्या शेजारी आणून टाकली. दोघंही बाहेर बघत बसले. संत्र्यांच्या झाडांवर थोडं चांदणं होतं.

"मले सांगाचं होतं," वामनराव अखेर म्हणाले.

"कसं सांगू, इवाई?"

"हो. तेबी हाय." वामनरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "माह्या लग्नानंतर आमच्या घरी बी एकच माजघर. पण त्या साली तूर लय पिकली. बापानं माजघरात तुरीचे पोते रचले, पुरुषभर उंच. एका अंगाले सगळे, दुसऱ्या अंगाले आमी दोघं. दोन महिने राजावानी राह्यलो."

"मंग?"

"मंग तुरीले भाव आला. बाप म्हणे, उद्या गाडी भर. मी म्हणलो, ईकू नका, आणखी चढन. बाप म्हणे, तुले काय समजते भावातलं? मी म्हणलो, ईकू नका बावा, मी पाया पडतो. बाप म्हणे, पण काऊन? ते काही मले सांगता आलं नाही."

"मंग?"

"मंग काय? ईकली."

आत भांडी आवरल्याचा आवाज झाला. माणिकबाई मांजराला उचलून सैपाकघरात घेऊन गेल्या. बांगड्या वाजल्या, पावलं वाजली, आणि माजघरातली कडी अगदी हळू लागली. आढ्याखालच्या एक फुटाच्या फटीतून कुणीतरी दबक्या आवाजात हसलं.

वामनरावांनी सूर्यभानजींकडे पाहिलं. सूर्यभानजींनी वामनरावांकडे पाहिलं.

"इवाई!" वामनराव एकदम ओरडले. "औंदा संत्र्याचा बहार कसा हाय?"

"झकास हाय, इवाई!" सूर्यभानजी त्याहून मोठ्याने ओरडले, आणि शेजारच्या घरांतून लोक बाहेर येऊन पाहू लागले तरी ते दोघं तसेच, एकमेकांना खेटून बसलेले, पलीकडच्या बांधावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात संत्र्यांबद्दल बोलत राहिले.